पांबनचं एक पातं ठेवा

पांबनचा जुना रेल्वे पूल ‘शेर्झर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं बांधला’, असं रामेश्वरच्या वाटेवरचा गाइड माइक हातात घेऊन ठणकावून सांगतो आणि बसमधली मंडळी माना डोलावतात. विल्यम डोनाल्ड शेर्झर जर्मन नव्हता. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पेरू नावाचं गाव आहे, तिथं 1858 मध्ये तो जन्मला आणि जुलै 1893 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. पांबनचं काम सुरू झालं 1911 साली. म्हणजे हा पूल ज्याच्या नावानं ओळखला जातो, तो माणूस पायाभरणीच्या अठरा वर्षं आधीच गेला होता. त्याची कल्पना तेवढी मागं उरली. भाऊ आल्बर्टनं शिकागोत कंपनी चालवली आणि त्या कल्पनेवरचे पूल गावोगावी, देशोदेशी उभे राहिले. त्यातलाच एक आपल्याकडे आला.

मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा. जिगणीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसच्या मेंटेनन्सला उभी हयात गेली आणि आता आनेकललाच घर आहे. आनेकलात बसून समुद्रातल्या पुलाबद्दल लिहिणं जरा विचित्र वाटेल. पण आनेकल रोड स्टेशनातनं जाणारा रूळ होसूर, धर्मपुरी, सेलम करत दक्षिणेलाच जातो. दुसरं म्हणजे ग्रीस, गंज आणि काऊंटरवेट या तीन गोष्टींत ज्याचा जन्म गेला, त्याला पांबनचा पूल बघितल्यावर गप्प बसवत नाही.

आधी त्याची करामत सांगतो, कारण बाकीचा इतिहास तिच्यावरच उभा आहे.

मंडपम हे मुख्य भूमीचं टोक आणि पांबन हे बेटाचं. मधे दोन किलोमीटरच्या आसपास उथळ समुद्र. त्यावर चाळीस-चाळीस फुटांचे गर्डर ओळीनं टाकत गेलं की पूल होतो. कष्टाचं काम, पण नवलाचं नाही. अडचण होती ती बोटींची. मन्नारच्या आखातातून पाल्कच्या उपसागरात जाणारी छोटी जहाजं पांबनच्या चिंचोळ्या वाटेनंच जातात, नाहीतर त्यांना अख्ख्या श्रीलंकेला वळसा पडतो. म्हणून पुलात एक दार ठेवावं लागलं. सुमारे साठ मीटरचं हे दार दोन पात्यांचं. दोन्ही पाती मधोमध एकमेकांना भेटतात आणि जहाज आलं की दोन्हीकडे वर उठतात, जवळजवळ उभी, 81 अंशांपर्यंत.

एका पात्याचं वजन 415 टन सांगतात. एवढं वजन उचलायला मोटर किती अश्वशक्तीची, असा प्रश्न आमच्या धंद्यातला कुणीही पहिल्यांदा विचारेल. उत्तर असं की मोटरच नव्हती. दोन्ही बाजूंना माणसं लिव्हर फिरवायची आणि पाती उठायची. पात्याच्या मागच्या टोकाला तोल साधणारा भार बांधलेला, त्यामुळं उचलायचं असं काही उरतच नाही; राहतं ते फक्त घर्षण. आणि तेही शेर्झरनं मारलं. लंडनच्या टॉवर ब्रिजसारख्या पुलांत पातं एका जाडजूड आसावर फिरतं. शेर्झरनं आस काढून टाकला आणि पात्याच्या बुडाला गोलाई दिली. डोलखुर्ची मागं कलते तसं पातं मागं लवंडतं आणि लवंडता लवंडता थोडं सरकतंही, त्यामुळं जहाजाला वाट लवकर मोकळी होते. आमच्या प्रेसच्या रॅमलाही काऊंटरबॅलन्स असायचा, हवेच्या सिलिंडरचा. त्याचं सील गेलं की रॅमचा सगळा भार क्लचवर आणि ब्रेकवर यायचा आणि आमची रात्रपाळी वाढायची. म्हणून सांगतो, शंभर वर्षं माणसांच्या हातानं उघडत राहिलेलं काऊंटरवेट ही नुसती हुशारी नव्हे. त्यामागं रोज कुणीतरी ग्रीस लावलेलं असतं.

लोखंडी उचलभाग इंग्लंडमध्ये टीज नदीकाठच्या हेड राइटसन कंपनीनं घडवला, साउथ इंडियन रेल्वेनं तो बसवला आणि 24 फेब्रुवारी 1914 रोजी पूल सुरू झाला. समुद्रावरचा हा भारतातला पहिला पूल. हा यात्रेकरूंसाठी बांधला असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. साहेबाला रामेश्वराची ओढ नव्हती, सिलोनची होती. त्याआधी मद्रासची बोटमेल तुतिकोरिनला जायची आणि तिथून कोलंबोपर्यंत रात्रभर आगबोट. पांबनचा पूल झाला आणि गाडी थेट बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तिथून पलीकडच्या तलैमन्नारपर्यंतचं पाणी वीस-बावीस मैलांचं, पुढं पुन्हा आगगाडी. एकाच तिकिटावर मद्रास ते कोलंबो. सिलोनच्या चहामळ्यांना मजूर हवे होते आणि ते तमिळ मुलखातून जायचे. मंडपमला त्यांना रोगराईच्या भीतीनं आधी छावणीत अडकवून ठेवायचे. पुलाच्या कौतुकात ही माणसं सहसा येत नाहीत. तीही याच गर्डरवरून गेली.

यात्रेकरू मात्र पुलाच्या कितीतरी आधीपासून जात होते आणि त्यात आपल्याकडचे पुष्कळ. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू प्रयागला, हा नेम मराठी घरात कुणाला सांगावा लागत नाही. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही गोष्ट तर आपण शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. पण त्या वाटेवर आपल्या माणसांनी काय काय बांधलं, हे महाराष्ट्रात फारसं कुणी सांगत नाही. आनेकलहून निघून अत्तिबेले ओलांडलं की तमिळनाडू लागतो. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर, इथूनच व्यंकोजीराजे दक्षिणेत उतरले आणि 1676 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्या गादीनं पुढं रामेश्वरच्या रस्त्यावर छत्रं उभी केली. छत्र म्हणजे यात्रेकरूंना उतरायला जागा आणि जेवण, फुकट. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यातलं सगळ्यात नामांकित. दुसऱ्या सरफोजींनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहून या छत्रांची बाजू मांडली होती. राज्य हातचं गेलं तरी अन्नदान चालू राहावं, हा त्यांचा आग्रह. त्याच सरफोजींचा मनोरा आजही पाल्कच्या किनाऱ्यावर उभा आहे. तो मात्र नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ. राजाला दोन्ही सांभाळावं लागत होतं.

मंडपमला येऊन चालणं संपायचं आणि पडाव लागायचा. वाऱ्याच्या मर्जीवर काम. जानेवारी 1897 मध्ये विवेकानंद परदेशातून परतले तेही पांबनलाच उतरले आणि रामनाडच्या राजानं स्वतः त्यांची गाडी ओढली. तेव्हा पूल नव्हता. सतरा वर्षांनी तो झाला आणि छत्रांची गर्दी हळूहळू रेल्वेच्या डब्यात गेली.

माझी आजी पन्नासच्या दशकात बेळगावच्या बायकांबरोबर रामेश्वरला गेली होती. देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान, धनुष्कोडीची वाळू, सगळं यथासांग झालं. पण म्हातारपणी ती पुन्हा पुन्हा सांगायची ते पुलाचंच. “बाळ, खिडकीतनं खाली बघितलं तर रूळ न्हाईत, खडी न्हाई, नुसतं पाणी बघ.” कठडा नसलेला मीटरगेजचा पूल, डब्यापेक्षा अरुंद. त्यामुळं बसलेल्याला खरंच खाली काहीच दिसत नसे. बायकांनी त्या पाण्यात पैसे टाकले होते. देवाला की पुलाला, ते तिलाही सांगता यायचं नाही.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली धनुष्कोडी पॅसेंजर शंभराहून अधिक माणसांसह लाटेत गेली. धनुष्कोडीचं स्टेशन, देऊळ, पोस्ट, घरं, सगळं संपलं. ते गाव पुन्हा वसलं नाही. पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात पडले. मधली दोन पाती मात्र जागेवर उभी राहिली.

यापुढची गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल, कारण तिचा नायक आपण कोकणात पाहिलेला आहे. रेल्वेनं दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनावर आणले आणि काम दिलं बत्तीस वर्षांच्या ई. श्रीधरन नावाच्या इंजिनिअरकडे. लांबून नवे गर्डर मागवत बसण्याऐवजी त्यांनी मच्छीमारांच्या मदतीनं बुडालेलेच शोधून वर काढले आणि पुन्हा खांबांवर ठेवले. पूल 46 दिवसांत सुरू झाला. बक्षीस मिळालं एक हजार रुपये. पुढं याच माणसानं कोकण रेल्वे उभी केली. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरून जाताना आपण खिडकीतून खाली बघतो आणि पोटात गोळा येतो, तेव्हा त्या कामाची सुरुवात पांबनच्या पाण्यात झाली होती हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. मला स्वतःला 46 या आकड्यापेक्षा ते गर्डर पुन्हा वापरले, याचं अप्रूप जास्त आहे. मेंटेनन्सवाल्याचा जीव नव्या मालात नसतो.

धनुष्कोडीबरोबर बोटमेल संपली, नाव राहिलं. चेन्नईहून रामेश्वरला जाणाऱ्या गाडीला लोक आजही बोटमेल म्हणतात, बोट नसताना. 1988 मध्ये शेजारी मोटारींचा पूल झाला आणि रेल्वेच्या पुलावाचून बेटाचं अडेनासं झालं. खरं तर तेव्हाच जुन्याचे दिवस भरायचे. पुढं मीटरगेज जाऊन सगळीकडे ब्रॉडगेज येत होतं. एवढ्या जुन्या पुलावर जड गाड्या कशा घालायच्या, असा प्रश्न होता. त्या वेळी राष्ट्रपतिभवनात रामेश्वरचाच मुलगा होता. अब्दुल कलामांनी लहानपणी, युद्धाच्या काळात, न थांबणाऱ्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा केले होते. त्यांच्या आग्रहानं हा मार्ग तुटला नाही. मद्रास आयआयटीच्या मदतीनं पूल मजबूत केला गेला आणि 2007 मध्ये ब्रॉडगेजची गाडी त्यावरून गेली. 1914 मध्ये मीटरगेजसाठी केलेलं पातं ब्रॉडगेज पेलू लागलं. हे नुसतं आकडेमोडीनं होत नाही. मूळ लोखंडात दम असावा लागतो.

पण समुद्र कुणाला सोडत नाही. मायामीनंतर सगळ्यात जास्त गंज चढवणारी हवा इथलीच, असं रेल्वेवाले म्हणतात. ते जाऊ दे. उघड्यावर ठेवलेली लोखंडी पट्टी आमच्या कोरड्या आनेकलातही एका पावसाळ्यात तांबडी पडते, तिथं खाऱ्या वाऱ्यात शंभर वर्षं म्हणजे काय ते समजा. पुलावर रंगारी कायम असायचे. एका टोकापासून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा खरवडायला आलेलं. गाडी ताशी दहा किलोमीटरनं सोडायची, वारा पंचावन्नच्या पुढं गेला की सिग्नल लाल. 2013 च्या जानेवारीत भरकटलेली एक बार्ज खांबावर आदळली. डिसेंबर 2018 मध्ये उचलभागातच दोष निघाला आणि काही महिने गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. शेवटी 23 डिसेंबर 2022 पासून वाहतूक कायमची थांबली. तारीख वादळाच्या रात्रीला लागूनच आली, तो निव्वळ योगायोग.

थांबवली हे योग्यच केलं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी 2 ऑगस्ट 2016 ची रात्र आठवावी. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. ज्या पुलाचा भरवसा उरला नाही त्यावर माणसं घालायची नाहीत, मग तो कितीही देखणा असो. यावर माझं दुमत नाही.

शेजारी नवा पूल उभा राहिला, 6 एप्रिल 2025 ला, रामनवमीच्या दिवशी त्याचं उद्घाटन झालं. यात पाती नाहीत. दोन मनोऱ्यांमधला 72.5 मीटरचा अख्खा गर्डर लिफ्टसारखा सरळ 17 मीटर वर जातो, विजेच्या मोटरनं, पाच-सहा मिनिटांत. रिव्हेटऐवजी वेल्डिंग, खांबांत स्टेनलेस सळया, भारी रंग. चालू करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी गंजाबद्दल आणि कामातल्या उणिवांबद्दल खडे बोल सुनावले होते आणि उचलभागावर वेग ताशी 50 पर्यंतच मर्यादित ठेवला. तोही पूल देखणा आहे. त्यातही काऊंटरवेट आहे बरं का. पृथ्वीचं ओढणं 1914 मध्ये होतं तेवढंच आहे.

आता प्रश्न जुन्याचा. रेल्वे तो काढून टाकण्याच्या मार्गावर आहे. दोन किलोमीटर गंजकं लोखंड समुद्रात ठेवून देणं धोक्याचं आहे. उद्या एखादा गर्डर सुटून जहाजाच्या वाटेत किंवा नव्या पुलाच्या खांबावर पडला तर कोण जबाबदार? म्हणून ‘सगळा पूल आहे तसा जपा’ ही मागणी मला पटत नाही. चाळीस फुटांचे ते साधे गर्डर आपल्याकडे ढिगानं आहेत. त्यातले एक-दोन नमुन्याला ठेवून बाकीचे भंगारात गेले तरी मी रडणार नाही.

शेर्झरचं पातं मात्र वेगळं. ते भंगारात गेलं तर परत मिळणार नाही आणि फोटोवरून ते कळतही नाही. जपायचं तर निदान एक पातं बुडाच्या गोलाईसकट, काऊंटरवेट, दातेरी चक्रं, लिव्हर आणि ज्यावर ते लवंडतं त्या मार्गासकट जमिनीवर आणून उभं करावं. नुसता सांगाडा रंगवून चौकात ठेवला तर तो पुतळा होईल. शाळेच्या पोरानं लिव्हरला हात लावावा आणि शेकडो टनांचं लोखंड आपल्या जोरानं हललेलं बघावं, इतपत ते चालू हवं. लंडननं हे केलं आहे. टॉवर ब्रिजची वाफेवरची यंत्रणा 1976 मध्ये बदलली, पण जुनी इंजिनं तिथंच ठेवून लोकांना दाखवायला खुली केली आणि आज त्यासाठी तिकीट काढून माणसं येतात. आपल्या मुंबईतला कर्नाक पूल 2022 मध्ये पाडला तेव्हा त्यावरचे इंग्रजी, मराठी, गुजराती अक्षरांचे दगड वेगळे काढले गेले. तेवढं तरी सुचलं. पण दगडाला गंज चढत नाही, लोखंडाला चढतो. म्हणून संग्रहालयाची फीत कापण्यापेक्षा त्याच्या रंगाच्या वार्षिक तरतुदीचा कागद मला आधी बघायचा आहे. जागा म्हणाल तर मंडपम, समुद्रापासून थोडं आत. चेन्नईला किंवा दिल्लीला नेलं तर यंत्र राहील, पण त्याखालचं पाणी राहणार नाही.

आणखी एक गोष्ट पैशाशिवाय होण्यासारखी आहे. ज्यांनी त्या लिव्हर फिरवल्या, ज्यांनी पात्याखाली लोंबकळत रंग लावला, ती माणसं पांबन-मंडपमच्या आसपास अजून आहेत. कुठल्या महिन्यात पातं जड चालतं, कुठल्या चक्राचा आवाज बदलला की थांबायचं, हे कुठल्याही ड्रॉइंगवर नसतं. मी निवृत्त झालो तेव्हा माझी प्रेसच्या आवाजांची सगळी माहिती माझ्याबरोबर घरी आली. कुणी विचारलीच नाही. पांबनच्या माणसांना कुणीतरी तमिळमध्ये विचारून लिहून ठेवावं. रेल्वेच्या जुन्या नोंदवह्यांत कुठलं जहाज केव्हा गेलं तेही असणार, त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत.

होसूरचं उदाहरण माझ्या घराजवळचं आहे म्हणून सांगतो. मोरप्पूरहून धर्मपुरीमार्गे होसूरला येणारी नॅरोगेज गाडी 1913 मध्ये पूर्ण झाली, पांबनच्या एक वर्ष आधी. 1941 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, ती बंद पडली आणि रूळ उखडले गेले. आज होसूरच्या बाजारात तिच्याबद्दल विचारा, तुम्हालाच वेड्यात काढतील.

रामेश्वरला जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे. मोटारीच्या पुलावरून जाताना खाली उजव्या-डाव्या बाजूला बघून सेल्फी काढून पुढं जाऊ नका. मंडपमला उतरून जुनी पाती जितकी दिसतील तितकी नीट बघून घ्या. आणि घरात आजीआजोबांच्या यात्रेचा जुना फोटो, तिकीट, पत्र काही असेल, ज्यात हा पूल किंवा धनुष्कोडी आहे, तर त्याच्या पाठीवर साल आणि नावं लिहून ठेवा. ज्यांना ती नावं ठाऊक आहेत ते घरात आहेत तोवरच हे होईल.